तसबिरीमागचा कोळी

॥ श्री ॥
रायपूर, २ जुलै २०२४

ती. इंदूताईस,
श्यामचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

तू पुलगावला सुखरूप पोचलीस आणि गाडीत गुडघ्यांनी फार छळलं नाही, हे वाचून बरं वाटलं. फोनवर तुला ऐकू येत नाही, कानातलं यंत्र शिट्ट्या मारतं, म्हणून तू पत्रं लिहायचा हट्ट धरलास तेव्हा मी मनात हसलो होतो. आता वाटतं, बरं केलंस. फोनवर मी ‘ठीक आहे’च्या पुढे जात नाही. कागदावर थोडं पुढे जाता येतं.

क्षमाला जाऊन महिना उलटला. तू, आशय, सूनबाई गंधाली, सगळे गेल्यावर घर एकदम मोठं झालं. कांताबाई सकाळी येते, झाडूपोछा करते, पोळ्या लाटून ठेवते. संध्याकाळी नरहरी येतो. मिलमधला माझा जोडीदार, मागच्या गल्लीत राहतो, तुला आठवत असेल. तो चहा पितो, मी पितो.

आता जे तुझ्याशिवाय कुणाला सांगता येत नाही ते सांगतो. हसू नकोस. परवा न्हाणीघराचं दार उघडलं तर बादलीच्या वर, भिंतीवर तो होता. जाळं विणणारा बारका नाही. तो चपटा, खाकी, तळहाताएवढा, जो आधी अजिबात हलत नाही आणि मग एकदम पळतो. मी मागे सरकलो. दार ओढून घेतलं आणि मागच्या अंगणात नळाखाली बनियनवरच दोन तांबे घेतले. बत्तीस वर्षं इथल्या उरला औद्योगिक भागात, रोलिंग मिलमध्ये काढली. लालबुंद सळ्या पायाशेजारून सळसळत जायच्या, तेव्हा पापणी हलली नाही. आणि बासष्ट पार केल्यावर हे.

ही भीती आई, बाबा, तू आणि क्षमा, एवढ्यांनाच ठाऊक. आता तू एकटीच उरलीस. लग्नानंतर पहिल्यांदा क्षमानं मला पलंगावर चढलेलं पाहिलं तेव्हा ती सरळ स्वयंपाकघरात गेली. भिंतीवरच्या कोळ्यावर स्टीलचा पेला उपडा ठेवला, खालून पोस्टकार्ड सरकवलं आणि बाहेर सोडून आली. पुन्हा कधी विषय काढला नाही, चिडवलं नाही. मला वाटायचं, आपल्या घरात कोळी फारसे होतच नाहीत. आता कळतं, होत होते. ती माझ्या नजरेला पडू देत नव्हती.

सध्या न्हाणीघर बंद आहे. गुडघ्यांना तेल लावत जा.

तुझ्या मायेवर हक्क सांगणारा,
श्याम

*

पुलगाव, १५ जुलै २०२४

चि. श्यामकांत यास,
इंदूताईचे अनेक आशीर्वाद.

पत्र वाचलं. हसू नकोस म्हणालास, पण बनियनवरच्या आंघोळीपाशी हसले बाप्पा. तुमच्या त्या पाऱ्यातल्या, गल्लीतल्या बायांची छान करमणूक झाली असेल. मग लगेच डोळ्यांत पाणी आलं. तू चार वर्षांचा असताना आईच्या पदरात तोंड खुपसून असा ओरडला होतास की शेजारच्यांना वाटलं पोट्ट्याला विंचू चावला. तेव्हा भिंतीवर होतं ते नखाएवढं पिल्लू होतं. काहून भितोस ते तेव्हा कुणाला कळलं नाही, आताही कळत नाही. कळलंच पाहिजे असंही नाही. मला विमानात बसायची भीती वाटते, म्हणून कोणी मला वेडी म्हणत नाही.

कांताबाईला सरळ सांग. लांब दांड्याचा झाडू आण, आठवड्यातून एकदा कोपरे काढून घे. आणि एक ऐक. पहिलीच्या वर्गात मी तीस वर्षं पोरं सांभाळली. कुणी शाळेच्या फाटकातूनच पळायचं, कुणी हौदाला भ्यायचं. अशा पोराला ओढत नेलं तर ते कायमचं भितं. मी त्याच्यासोबत लांब उभी राहायची. आज एवढं, उद्या आणखी थोडं. तूही दारातून पाहा. जेवढं पाहवेल तेवढंच पाहा, मग दार लाव. लढायला जाऊ नकोस.

माझ्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकतोय म्हणतात. विनीता, माझी सून, दिवाळीनंतर ऑपरेशन करू म्हणते. तोवर अक्षर वाकडं आलं तर समजून घे.

न्हाणीघर उघड. अंगणात न्हायचं वय नाही तुझं.

सदैव तुझ्या काळजीत,
इंदूताई

*

॥ श्री ॥
रायपूर, २९ सप्टेंबर २०२४

ती. इंदूताईस,
श्यामचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

उत्तराला फार उशीर झाला. लिहायला बसलो की कसं लिहावं ते कळायचं नाही.

तू सांगितलंस तसं करून पाहिलं. चार-पाच दिवस न्हाणीघराच्या दारात उभा राहिलो. एकदा तर मनात वीस म्हणेपर्यंत पाहू शकलो आणि मनातल्या मनात तुला शाबासकी दिली. मग कांताबाईला सांगितलं. ती हव म्हणाली, चपलेनं एका फटक्यात मारलं आणि सुपलीत घेऊन मला दाखवायला आली. त्याचे पाय अजून हलत होते. मी दुपारपर्यंत नरहरीकडे जाऊन बसलो. चेहरा पांढरा का पडला म्हणून तिनं विचारलं तेव्हा बीपी आहे म्हणून सांगितलं. पुन्हा तिला काही सांगायची सोय राहिली नाही.

पावसाळा सरल्यावर ते वाढलेच. आणि रायपुरात जाळं लपत नाही, ताई. सिलतऱ्याच्या कारखान्यांकडून जी काळी धूळ येते ती एका रात्रीत जाळ्यावर बसते. पंख्यापासून भिंतीपर्यंत काळे दोरे लोंबतात. झाडले की आठ दिवसांनी पुन्हा. घरात शिरलो की मी आधी वर पाहतो, मग चप्पल काढतो.

पण जे झालं ते मागच्या खोलीत झालं. देवघर तिथे आहे आणि त्याच्या वर क्षमाची तसबीर लावली आहे, तूच जागा सांगितली होतीस. रोज सकाळी दिवा लावायला जायचो. एक दिवस काडी पेटवली आणि तसबिरीच्या चौकटीमागून दोन पाय बाहेर आले. मग आणखी दोन. तो चौकट ओलांडून काचेवर आला आणि तिच्या चेहऱ्यावर बसला. मादी होती. पोटाखाली पांढरी चपटी अंड्यांची गोळी धरलेली. मी ओरडलो की नाही आठवत नाही. बाहेर आलो, कडी लावली, दाराखालच्या फटीत टॉवेल कोंबला. त्यानंतर देवघरात दिवा लागलेला नाही. क्षमाला हार घातलेला नाही. ती आत आहे आणि तिच्यामागे तो आहे, एवढंच डोक्यात येतं. कांताबाईला वाटतं, साहेबांना दुःख सोसवत नाही म्हणून खोली बंद आहे. तेही खोटं नाही.

मधल्या खोलीतही नंतर एक दिसला. आता मी पुढच्या खोलीत तख्तावर मच्छरदाणी लावून, दिवा चालू ठेवून झोपतो. आंघोळीला नरहरीकडे जातो. पाण्याची मोटर बिघडली असं त्याला सांगितलं आहे.

अशात मागच्या आठवड्यात आशय हैदराबादहून आला. बंद खोली, टॉवेल, मच्छरदाणी, सगळं पाहिलं. काहून म्हणून विचारलं तर मी ओल आली आहे म्हणालो. दिवा का लावत नाही म्हणून विचारलं तर विसरतो म्हणालो. त्याचा चेहरा उतरला. दुसऱ्या दिवशी डॉक्टरकडे घेऊन गेला. त्यांनी तारीख विचारली, वार विचारला. शंभरातून सात वजा करत जा म्हणाले. ताई, मी मिलमध्ये टनांचे हिशेब तोंडी करणारा माणूस. दोनदा मुद्दाम चुकलो.

का चुकलो ते तुला सांगायला हवं. विसरणं हा आजार आहे, त्यावर कुणी हसत नाही. आशयच्या डोळ्यांत काळजी होती. खरं सांगितलं असतं तर काय दिसलं असतं, ते मला पाहायचं नव्हतं. आता तो म्हणतो, घर विकू, बाबा, तुम्ही एकटे राहू शकत नाही. दलालाशी बोलणं झालं आहे. मी मान डोलावली.

तुझा डोळा कसा आहे?

जवळ असतीस तर बरं झालं असतं असं म्हणणारा,
श्याम

*

पुलगाव, ९ ऑक्टोबर २०२४

चि. श्यामकांत यास,
इंदूताईचे आशीर्वाद, यावेळी रागासकट.

मूर्ख आहेस. डोकं शाबूत असताना डोकं बिघडल्याचं सोंग घेतोस आणि पोराला रडवतोस? उद्या तो डॉक्टर गोळ्या सुरू करेल, त्या गिळशील का? परवा घराच्या कागदांवर सही कर म्हणतील, तेव्हाही विसरलो म्हणशील का? क्षमानं उभं केलेलं ते घर. विटा उतरवून घ्यायला ती स्वतः उन्हात उभी राहायची. ते घर तू एका खोट्यापायी घालवतो आहेस.

तुला लाज वाटते हे मला कळतं. बाबा तुला पोट्टी म्हणून चिडवायचे ते मी ऐकलेलं आहे. पण बाबा जाऊन किती वर्षं झाली, श्याम. आशय म्हणजे बाबा नव्हेत. तो तुझा मुलगा आहे आणि त्याची आई आत्ताच गेली आहे. बापही हातचा चालला या भीतीत तू त्याला ठेवलं आहेस. त्याच्या भीतीपेक्षा तुझी मोठी का?

फोन उचल आणि सांग. घोळवू नकोस. मला कोळ्याची भीती वाटते, लहानपणापासून वाटते, म्हणून खोल्या बंद केल्या, एवढंच. बाकी त्याच्यावर सोड.

मला येता आलं असतं तर गाडीत बसले असते. विनीता एकटीला जाऊ देत नाही आणि आता मलाही धीर होत नाही.

तुझं ऐकून घ्यायला कायम बसलेली,
इंदूताई

*

रायपूर, २ डिसेंबर २०२४

ती. आत्यास,
आशयचा सा. न. वि. वि.

आत्या, मले मराठी लिहायची सवय नाही. शाळा हिंदीत झाली, घरी बोलायचो तेवढंच. चुका होतील. पण तुला फोनवर ऐकू येत नाही आणि हे विनीता वहिनीच्या तोंडून तुझ्यापर्यंत जावं असं वाटत नाही, म्हणून लिहून राहिलो.

बाबा पडले. उजव्या बाजूचं खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन होऊन सहा दिवस झाले, धोका नाही. मी इथे आहे, गंधाली पुढच्या आठवड्यात येईल. आधी हे सांगितलं कारण पुढचं वाचताना तू घाबरू नये.

आता सगळं सुरुवातीपासून. दिवाळीनंतर एका रविवारी बाबांचा फोन आला. बाबा कधी स्वतःहून फोन करत नाहीत. म्हणाले, एक सांगायचं आहे, मध्ये बोलू नको. मग त्यांनी कोळ्याचं सांगितलं. बंद खोलीचं सांगितलं, आईच्या फोटोमागे तो होता ते सांगितलं, डॉक्टरकडे मुद्दाम चुकलो ते पण सांगितलं. सगळं एका दमात, पाठ केल्यासारखं.

आणि आत्या, मी हसलो. मले थांबताच येईना. मजाक उडवायचा नव्हता. दोन महिने मी रोज नेटवर वाचून राहिलो होतो की अशा आजारात माणूस पुढे पुढे आपल्या मुलाला पण ओळखत नाही. मले वाटलं होतं बाबा चालले. आणि ते म्हणतात मकडी. छातीवरून दगड उतरला तसं झालं. फोन स्पीकरवरच होता, मी गंधालीला ओरडून म्हणालो की सुनो, पापा को बस मकड़ी से डर लगता है, दिमाग एकदम ठीक है. ती पण हसली. बाबांना सगळं ऐकू गेलं. ते फक्त बरं म्हणाले आणि फोन ठेवला.

तेव्हाही माझ्या लक्षात आलं नाही. वरून मी त्यांना व्हॉट्सॲपवर एक कार्टून पाठवलं. एक मोठा माणूस खुर्चीवर उभा आणि खाली छोटी मकडी. ते त्यांनी पाहिल्याची खूण आली. उत्तर आलं नाही. त्यानंतर फोनवर नुसतं ठीक आहे, ठीक आहे.

आईचा वाढदिवस नोव्हेंबरच्या शेवटी असतो. त्या दिवशी बाबांनी सकाळी शेवंतीचा हार आणला आणि एकट्यानं ती खोली उघडली. कांताबाई यायची होती, तिची वाट पाहिली नाही. स्टुलावर चढून फोटो खिळ्यावरून काढला. तो मागेच होता. बाबांच्या हातावरून बाहीत गेला. बाबा मागे सरकले, मागे काही नव्हतं.

कांताबाई आली तेव्हा ते जमिनीवर होते. काचा सगळीकडे. ती सांगते, दुखतंय असं म्हणाले नाहीत, एकच म्हणत होते की माझा शर्ट काढ. तिला वाटलं साहेबांचं डोकं फिरलं. तिनं नरहरी काकांना बोलावलं, त्यांनी शर्ट कापून काढला. त्यात काही नव्हतं. कधीच निघून गेला असेल.

आता हॉस्पिटलमध्ये ते माझ्याशी बोलत नाहीत. राग पण दाखवत नाहीत. पाणी देतो, घेतात. मान फिरवून छताचे चारही कोपरे बघत राहतात, एक झाला की दुसरा. काल मी म्हणालो, बाबा, सॉरी. त्यांनी विचारलं, बिल किती झालं.

मी काय करू? आई हे कसं सांभाळायची? ती तर कशालाच भ्यायची नाही. मी तिच्यासारखा नाही ना, आत्या.

तुझ्या आशीर्वादाची खरोखर गरज असलेला,
आशय

*

पुलगाव, ११ डिसेंबर २०२४

चि. आशय यास,
इंदूआत्याचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र विनीतानं वाचून दाखवलं, डोळ्याला पट्टी आहे. हे पत्रही मी सांगते आहे आणि ती लिहिते आहे. तिच्यापासून लपवायचं आता काही उरलं नाही. तुझ्या मराठीत चुका असतील, पण मला सगळं कळलं.

आधी माझं. श्यामला सांग म्हणून मीच मागे लागले होते. आशय हसणार नाही असं मीच लिहिल्यासारखं झालं. तू हसलास ते का हसलास ते मला समजतं, त्यालाही एक दिवस समजेल. पण तो साठ वर्षं ज्या हसण्याला भीत होता तेच त्याच्या कानावर पडलं. ते मागे घेता येत नाही. समजावत बसू नकोस. तू समजावायला लागलास की त्याला पुन्हा लहान झाल्यासारखं वाटेल. नुसता खोलीत बस. तो कोपरे पाहतो तर तूही पाहा. इकडचा मी पाहिला, काही नाही, एवढं म्हण.

आता दुसरं. आई कशालाच भ्यायची नाही असं तू लिहिलंस. श्यामलाही तसंच वाटतं. ते खरं नाही. हे मी कुणाला सांगणार नाही असं क्षमाला वचन दिलं होतं, पण आता ती नाही आणि तुम्ही दोघं आहात.

तू चौथीत होतास. माझं ऑपरेशन रायपूरला झालं आणि मी तुमच्याकडे राहिले. एक दिवस पहाटे उठले तर तुझी आई अंगणातल्या नळावर हात धूत होती. थांबेचना. साबण लावायची, धुवायची, पुन्हा लावायची. ओठ पांढरे पडले होते. शेजारी पेला पडलेला. मला वाटलं भाजलं की काय. जवळ गेले तर रडायला लागली. म्हणाली, इंदूताई, मला यांच्याइतकीच भीती वाटते, माहेरीही वाटायची. लग्नानंतर पहिल्यांदा हे पलंगावर चढले तेव्हा मीही चढणार होते. पण पलंग एकच होता आणि ते आधी चढले होते.

हे सांगतानाही ती हसली बघ, रडता रडता. मी म्हटलं, अगं मग सांग ना त्याला. ती म्हणाली, नको. दोघंही भ्यायलो तर घर कोण चालवेल. आणि त्यांना कळलं तर मला ते करू देणार नाहीत, मग आम्ही दोघं रस्त्यावर बसू.

रोज पहाटे तुम्ही उठायच्या आत ती सगळ्या खोल्यांतून फिरायची ते यासाठी. धीट होती म्हणून नाही.

हे श्यामला सांगायचं की नाही, मला ठरवता येत नाही. तुला ठरव म्हणून सांगायला जीव होत नाही, पण तूच आहेस तिथे.

मन घट्ट ठेव, आणि आत्याला विसरू नकोस,
इंदूआत्या

*

॥ श्री ॥
रायपूर, १९ जानेवारी २०२५

ती. इंदूताईस,
श्यामचा नमस्कार. पडून आहे, साष्टांग घालता येत नाही, तो लागू समज. वि. वि.

अक्षर वाईट येतं आहे. पाठीवर पडून, छातीवर पाटी ठेवून लिहितो आहे. आणखीही एक कारण आहे, ते पुढे सांगतो.

घरी येऊन तीन आठवडे झाले. वॉकर धरून दारापर्यंत जातो, तेही कुणी धरलं तर. आशय इथूनच काम करतो. त्यानं सगळ्या खोल्या उघडल्या, माळे झाडले, खिडक्यांना बारीक जाळी बसवून घेतली. देवघरात दिवा लागतो. तसबिरीला नवी काच घातली आहे. पण क्षमाला आता पुढच्या खोलीत ठेवलं आहे, भिंतीवर नाही, टेबलावर, उभी. मागून मोकळी. ते त्याचं त्यानंच केलं. मी काही सांगितलं नव्हतं.

आधी मी त्याच्याशी बोलत नव्हतो हे तुला ठाऊक आहे. रागावलो नव्हतो गं. तोंडच उघडायचं नाही. मग तो हॉस्पिटलात संध्याकाळी काही न बोलता स्टुलावर बसायला लागला. एकदा म्हणाला, बाबा, खिडकीवरचा कोपरा मी पाहिला, काही नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा म्हणाला. चौथ्या दिवशी मीच विचारलं, तिकडचा पाहिलास का.

डॉक्टरलाही खरं सांगितलं. ते हसले नाहीत. शंभरातून सात पुन्हा वजा करायला लावले, मी शेवटपर्यंत न थांबता गेलो. त्यांनी अशा भीतीवर उपचार करणाऱ्या एका बाईंचं नाव दिलं आहे, हिंडाफिरायला लागल्यावर त्यांच्याकडे जायचं. आधी चित्रं दाखवतात म्हणे, मग लांबून, मग जवळून. तुझीच पहिलीची पद्धत.

आता ते दुसरं कारण. हे पत्र लिहायला घेतलं तेव्हा छतावर पंख्याजवळ तो दिसला. त्याच जातीचा. खिडकीला जाळी लावली, पण कुठून तरी आलाच. कांताबाई काम आटोपून गेली. आशय औषधं आणायला गेला आहे. मला उठता येत नाही. ओरडून उपयोग नाही. डोळे मिटले तर तो कुठे गेला ते कळणार नाही, ते तो दिसण्याहून वाईट. म्हणून लिहितो आहे. एक ओळ लिहितो, वर पाहतो, एक ओळ लिहितो. घाम इतका आला आहे की कागद चिकटतो. पत्र लांबलं तर माफ कर.

महिनाअखेर आशयला हैदराबादला जावं लागेल. मी त्याच्यासोबत जाणार. घर विकणार नाही म्हणतो तो, भाड्यानं देऊ म्हणतो. मी वाद घातला नाही. कोळ्यांपायी जातो आहे असं समजू नकोस. एकटं राहण्याइतका मी उरलो नाही, एवढंच. नरहरी रोज येऊन बसतो. काल निघताना उंबऱ्यात थांबला, मोटर खरंच बिघडली होती का म्हणून विचारलं. मी नाही म्हणालो. तो बरं म्हणाला आणि गेला.

छतावरचा तो थोडा सरकला. आता ट्यूबलाइटकडे आहे.

संक्रांतीच्या दिवशी आशयनं तुझं पत्र वाचून दाखवलं. महिनाभर स्वतःजवळ ठेवलं होतं. ऐकाल का म्हणून आधी विचारलं. वाचताना अडखळत होता, जोडाक्षरं लागत नव्हती. पलंग एकच होता, ते वाक्य आलं तेव्हा तो थांबला. मी पुन्हा वाच म्हणालो. त्यानं पुन्हा वाचलं. मग तो बाहेर अंगणात गेला आणि बराच वेळ आला नाही.

तू वचन मोडलंस म्हणून मनाला लावून घेऊ नकोस. पण ताई, तेव्हापासून मला दुसरं काही सुचत नाही. मी तिला एकदाही विचारलं नाही. तुला काही वाटत नाही का, एवढंसुद्धा नाही. धीट माणसाला काय विचारायचं, असं वाटायचं. ती पेला घेऊन गेली की मी तोंड फिरवायचो. तिचा चेहरा कसा व्हायचा ते मी कधी पाहिलंच नाही, कारण मला त्याचे पाय पाहायचे नव्हते. एका घरात दोन घाबरट माणसं इतकी वर्षं राहिली आणि त्यातलं एकच माणूस एकट्यानं घाबरलं. मी कुठे एकटा होतो. मला ती होती.

तिनं सांगितलं असतं तर मी काय केलं असतं, ते रोज विचारतो स्वतःला. पेला हातात घेतला नसता, हे नक्की. खोटं कशाला बोलू. पण दाराशी उभा राहिलो असतो. तिनं हात पुढे केला असता तेव्हा तिच्या मागे, पाय लटपटत का होईना, उभा राहिलो असतो. तेवढं जमलं असतं मला.

फाटक वाजलं. आशय आला. छतावरचा तो अजून ट्यूबलाइटपाशीच आहे, आणि मी अजून हाक मारलेली नाही.

तुझ्या डोळ्याला नीट दिसायला लागलं की हे पत्र तूच वाच, विनीताला देऊ नकोस.

तुझ्या मायेत आहे तेवढी जागा राखून ठेव,
श्याम